एअर शो नागपुरात, मुक्काम शेतात : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

नागपूरच्या वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. त्यामुळे हवाई दलाच्या सूर्यकिरण या कवायती पथकाची विमानं पाहायला दरवेळी बंगळुरूच गाठावं लागतं असं नाही. मधूनमधून ती आमच्याच डोक्यावर येतात. १९ नोव्हेंबर २०२२चा एअर फेस्ट इथलाच. असा कार्यक्रम जाहीर झाला की आमच्या काटोल पट्ट्यात फोन वाजायला लागतात. पुणे, मुंबई, हैदराबादचे सगेसोयरे विचारतात, हॉटेल कोणतं बुक करू? माझं ठरलेलं उत्तर आहे, हॉटेल करूच नका. विमानानं नागपूरला उतरा, आमच्या भागातल्या एखाद्या शेतात तंबू ठोका आणि काही झालं तरी आदल्या दिवशी या.

आदल्या दिवसाचा एवढा हट्ट कशासाठी? तर रंगीत तालमीसाठी. ती बहुतेक वेळा शोच्या एक-दोन दिवस आधी, त्याच आभाळात, जवळपास त्याच क्रमानं होते. भाषणं नाहीत, पाहुण्यांची वाट पाहणं नाही, रेटारेटी नाही. वायुसेनानगर फुटाळा तलावाच्या शेजारीच आहे, त्यामुळे विमानं वळताना काठावरून मान वर केली की दिसतात. मुख्य दिवशी धुई पडली, ढग आले किंवा वारा वाढला तर एखादं पथक उडतही नाही. तालीम पाहिलेली असली की मग जीव हळहळत नाही. आणि ज्याला फोटो काढायचे आहेत त्याला कोणतं विमान कुठून येणार, हे आदल्या दिवशीच कळतं.

काटोल रोडच सुचवण्याचं कारण भूगोलाचं आहे. हा रस्ता शहराच्या वायव्येकडून आत येतो आणि वायुसेनानगरही त्याच अंगाला आहे. शोच्या सकाळी वर्धा रोडच्या हॉटेलातून निघालेल्याला अख्खं शहर ओलांडावं लागतं. कळमेश्वर किंवा काटोल तालुक्यातल्या शेतातून निघालेला माणूस फेटरीवरून थेट त्याच बाजूला उतरतो. मुक्काम नागपूरपासून पंचवीस-चाळीस किलोमीटरच्या आत ठेवा. त्यापलीकडे गेलात तर पहाटेची झोप जाते.

स्वतःचं विमान घेऊन येणाऱ्यांबद्दल

हा प्रश्न हौशी पोरं हमखास विचारतात, कारण त्यांनी ऑशकॉशचे व्हिडिओ पाहिलेले असतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉशला जुलैच्या शेवटी मोठा मेळा भरतो. तिथं लोक स्वतःची छोटी विमानं उडवत येतात आणि पंखाखालीच तंबू टाकून आठवडाभर राहतात. जवळच्या फिस्क नावाच्या खेड्यावरून एकामागोमाग एक विमानं येतात. खालचे नियंत्रक रंगावरून आणि बनावटीवरून विमान ओळखतात, ओळख पटल्याची खूण म्हणून वैमानिकाला पंख हलवायला सांगतात. धावपट्टीवर रंगीत ठिपके असतात, 'हिरव्या ठिपक्यावर उतरा' असा हुकूम येतो. विमान वाऱ्यानं उलटू नये म्हणून दोर आणि खुंट्या ज्यानं त्यानं सोबत आणायच्या, हा तिथला नियम.

आपल्याकडे असं काही नाही. शो हवाई दलाचा, जागा संरक्षण खात्याची. खाजगी विमानानं येऊन तिथं मुक्काम ठोकायची सोय नाही. विदर्भात धावपट्ट्या आहेत, चंद्रपूरजवळ मोरवा, अकोल्याला शिवणी, गोंदियाला बिरसी, अमरावतीला बेलोरा. पण त्यांचा शोशी संबंध नाही. बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ला मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, त्यामुळे मुंबईहून पश्चिम विदर्भात येणाऱ्या पाहुण्यांना तोही पर्याय आहे. बाकीच्यांनी सरळ नागपूरचं तिकीट काढावं.

तिकीट काढताना

शोच्या दिवशी सकाळी उतरणारं विमान घेऊ नका. कवायती चालू असताना जवळचं आकाश प्रवासी विमानांसाठी ठरावीक वेळ बंद ठेवतात. बंगळुरूला एअरो इंडिया या विमान प्रदर्शनाच्या वेळी तिथल्या मोठ्या विमानतळाची उड्डाणं काही तास थांबवली जातात, हे तिथं दर वेळचं आहे. नागपूरला सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेनानगर एकाच शहरात, त्यामुळे इथंही वेळापत्रक सरकू शकतं. मग तुम्ही वर घिरट्या घालत बसाल आणि खाली शो संपेल. आदल्या दिवशी सकाळचं विमान घ्या आणि परतीचं शोच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं, म्हणजे मुक्काम दोन रात्रींचा. शो संपल्या संपल्या विमान पकडायचा बेत तर करूच नका, कारण त्या वेळी शहराच्या त्या कोपऱ्यातून गाडी बाहेर काढणं आपल्या हातात नसतं.

प्रवेशाची पद्धत दरवेळी बदलते. कधी पास, कधी ऑनलाइन नोंदणी. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या निरोपावर विसंबू नका. हवाई दलाची किंवा जिल्हा प्रशासनाची अधिकृत सूचना आणि नागपूरची वर्तमानपत्रं पाहा, आणि सूचना हाती येईपर्यंत तिकीट काढलंच तर तारीख बदलता येईल असं काढा. ओळखपत्र मूळचं जवळ ठेवा, फोनमधला फोटो फाटकावरच्या जवानाला पटेलच असं नाही.

बॅगेत काय, काय नाही

देशातल्या बहुतेक विमानांत हातातली बॅग सात किलो आणि पोटात जाणारी पंधरा किलो. दोन माणसांचा साधा तंबू तीन किलोच्या आसपास भरतो, म्हणजे वजनाची अडचण नाही. अडचण येते ती वस्तूंची. तंबूच्या लोखंडी खुंट्या, चाकू, कात्री हे सगळं पोटातल्या बॅगेत टाका. हातात ठेवलंत तर तपासणीला काढून घेतील. पॉवर बँकेचं उलटं आहे, ती हातातल्या बॅगेतच हवी. वीस हजार एमएएचची बिनधास्त चालते. शेगडीचा छोटा गॅस डबा कुठल्याच बॅगेत चालत नाही, आगपेटीही नाही. शेगडी घरीच ठेवा, इथं चूल आहे. आणि आईनं प्रेमानं दिलेलं अख्खं सुकं खोबरंही घेऊ नका. त्यात तेल असतं, ते तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानवाले अडवतात.

हातोडा आणू नका. प्रत्येक शेतात सब्बल, म्हणजे पहार, असते. अंथरायला मोठं प्लास्टिक आणायचीही गरज नाही, सोयाबीन वाळवायची ताडपत्री शेतकरी देईल. मात्र पांघरूण नीट आणा. पुण्या-मुंबईचे पाहुणे 'नागपूर म्हणजे ऊन' असं डोक्यात घेऊन एक पातळ चादर घेऊन येतात. नोव्हेंबरच्या शेवटापासून रात्रीचा पारा इथं बारा-चौदावर येतो, डिसेंबर-जानेवारीत कधीकधी दहाच्याही खाली जातो, आणि उघड्या शेतात तर शहराहून जास्त गारठा. कानटोपी, स्वेटर, जाड ब्लँकेट. दिवसा मात्र तेच ऊन तीस अंशांच्या आसपास, म्हणून टोपी आणि सुती दुपट्टाही. बंद बूट आणि चांगली बॅटरी या दोन गोष्टींवर मी अडून बसतो. का ते पुढं कळेल.

गावापर्यंत

विमानतळाजवळ मेट्रोचं स्टेशन आहे, तिथून सीताबर्डीपर्यंत येता येतं. काटोलची एसटी गणेशपेठच्या बसस्थानकावरून मिळते. रेल्वेनंही येता येतं, कळमेश्वर आणि काटोल दोन्ही नागपूर-इटारसी मार्गावर आहेत, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. चार जण असाल तर सरळ टॅक्सी करा आणि तोच चालक शोच्या पहाटेसाठीही ठरवून टाका. पहाटे पाचला गावात रिक्षा मिळत नाही.

शेत कसं निवडायचं

इथं वेळ घालवा, कारण घोळ झाला तर इथंच होतो.

ओळखीतूनच जा. गावातला मित्र, मित्राचा मामा, बियाण्याच्या दुकानदाराचा पाहुणा, कोणीतरी निघतंच. रस्त्याच्या कडेला चांगली जागा दिसली म्हणून परस्पर तंबू ठोकायचा नाही. इकडची माणसं नाही म्हणणार नाहीत, पण विचारल्याशिवाय धुऱ्यावर पाय ठेवलेला कोणालाच आवडत नाही. गेल्या गेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना भेटा, 'काकाजी' म्हणा, चहा घ्या. चहा नाकारला की पुढचं सगळं अवघड होतं. पोलीस पाटलांना यजमानाकडून कळवून ठेवा की अमुक घरचे पाहुणे आज शेतात राहतील. रात्री अनोळखी उजेड दिसला की जागलीवरची माणसं काठ्या घेऊन येतात, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

पैशाचं आधी बोला. कोणी 'अहो राहू द्या, पाहुणे तुम्ही' म्हणेल, तरी लाकूड, दूध, जेवण याचे पैसे घरातल्या बाईंच्या हातात द्या. राबतात त्या.

आता जागा. नोव्हेंबर-डिसेंबरात सोयाबीन निघालेलं असतं, कपाशीची वेचणी चालू असते, तूर उभी असते आणि हरभरा-गव्हाला पाणी देणं सुरू असतं. यातलं शेवटचं लक्षात ठेवा. शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. लाइन आली की शेतकरी मोटर चालू करून ओलित करतो. तुम्ही संध्याकाळी कोरड्या ठणठणीत वावरात तंबू ठोकलात आणि रात्री दोनला शेजारच्या गव्हाचं पाणी दांडातून फुटून तुमच्या खाली आलं, तर काळी माती अशी चिकटते की बूट पायातून निघतो आणि तिथंच राहतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, 'काकाजी, आज रात्री लाइन हाय का? पाणी कुठं सोडणार?' त्या बाजूला फिरकू नका.

दुसरा प्रश्न फवारणीचा. या शेतात किंवा शेजारच्या कपाशीत दोन-चार दिवसांत औषध मारलंय का? मारलं असेल तर दुसरी जागा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून याबाबत इकडं लाजून कोणी गप्प बसत नाही. तुम्हीही विचारायला लाजू नका.

तिसरा प्रश्न तारेचा. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात घुसतात म्हणून कुंपणाला झटका मशीन लावलेली असते. ती बॅटरीवरची, तिचा झटका बसला तर माणूस मरत नाही, पण काही जण चोरून थेट विजेचा प्रवाह सोडतात आणि त्यानं जनावरंही मरतात, माणसंही. अंधारात दोन्ही तारा सारख्याच दिसतात. म्हणून कोणत्याही तारेला हात लावू नका, खालून सरपटत जाऊ नका, आणि रात्री शेजारच्या वावरात जाऊच नका. लघवीला जायची जागा उजेड असताना ठरवून घ्या.

विहीर कुठं आहे तेही उजेडातच पाहून ठेवा. आमच्याकडच्या बऱ्याच जुन्या विहिरींना कठडा नसतो, जमिनीच्या पातळीलाच तोंड आणि भोवती गवत. लहान मुलं सोबत असतील तर विहिरीच्या शेतात मुक्काम नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

संत्र्याची बाग मिळाली तर उत्तम. दोन ओळींत अठरा-वीस फूट अंतर असतं, जमीन स्वच्छ ठेवलेली, वारा अडतो. आंबिया बहाराची फळं याच दिवसांत तोडणीला येतात, त्यामुळे बागेत माणसांचा राबताही असतो. पण बागेत खुंटी ठोकण्याआधी खाली वाकून पाहा. ठिबकच्या काळ्या नळ्या काळ्या मातीत दिसत नाहीत. एक नळी फुटली की त्या ओळीतल्या पुढच्या झाडांचं पाणी गेलं. झाडाच्या आळ्यात तंबू येता कामा नये, आणि फांदीला दोर बांधायचा नाही, फळानं वाकलेली फांदी मोडते. फळ हवं असेल तर मागा, कोणी नाही म्हणत नाही. मात्र ओढून तोडू नका. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ओढलं की देठापाशी साल फाटून फळाला भोक पडतं आणि ते दोन दिवसांत सडतं. कात्रीनं देठ ठेवून कापायचं. या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण शेतकऱ्याला त्याहून व्यापारी फळांचे किती क्रेट बाजूला काढतो याची जास्त काळजी असते.

बाग नसेल तर खळ्याची जागा किंवा शेतातल्या कोठ्याजवळची, म्हणजे गोठ्याजवळची, मोकळी जमीन पाहा. सोयाबीनच्या कापणीनंतरचे बुडखे टोकदार असतात, तंबूच्या तळाला भोकं पाडतात. भेगाळलेली जमीन तर मुळीच नको, भेगांत विंचू असतात. खाली मऊ लागावं म्हणून कुटार, म्हणजे भुसा, पसरायची युक्ती कोणी सांगेल, ऐकू नका, रात्रभर खाजवत बसाल.

गाडी असेल तर ती वाळलेल्या गवतावर किंवा कुटाराजवळ उभी करू नका. सायलेन्सर तापलेला असतो. २३ फेब्रुवारी २०१९ला बंगळुरूच्या एअरो इंडियात पार्किंगमधलं वाळलेलं गवत पेटलं आणि सुमारे तीनशे गाड्या जळून खाक झाल्या. तिथं अग्निशमन दल हाकेच्या अंतरावर होतं. इथं तालुक्याहून यायला लागेल.

रात्र

रात्रीचं जेवण शेतातच करा. रोडगे आणि वांग्याची भाजी हा आमच्याकडचा शेतातल्या पंगतीचा ठरलेला बेत आहे. जाड दळलेल्या गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वरून तूप. गोवऱ्यांचा जाळ होऊन लाल विस्तव राहिला की मगच रोडगे टाकायचे. घाई केली तर बाहेरून कोळसा आणि आत कच्चं पीठ. यजमानाच्या घरचं कोणीतरी यात वस्ताद असतंच, त्यांच्याकडे सोपवा आणि बाजूला बसून वांगी चिरा. सावजीचं मटण खायचं मनात असेल तर शो झाल्यावर खा. दुसऱ्या दिवशी सात-आठ तास मैदानावर काढायचे आहेत आणि तिथल्या शौचालयांसमोर रांगा असतात. यापुढचं सांगायला नको.

जेवणानंतर विस्तव पाणी ओतून विझवा. माती टाकून नाही, खाली धग राहते.

बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. तंबूची चेन एक बोटभरही उघडी ठेवायची नाही. थंडीत साप बाहेर पडत नाहीत हा समज अर्धाच खरा. घोणस हिवाळ्यातही फिरते, आणि थंडी हा तिचा विण्याचा नाही, पण जोडी शोधण्याचा काळ असतो. बाहेर जाताना बॅटरी लावून पायापुढची जमीन पाहत, पाय आपटत चाला. चावलाच तर मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, दोरी आवळणं नाही. माणसाला हलू न देता १०८ला फोन आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय. काटोल-कोंढाळी पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, कधी वाघाचाही. उरलेलं अन्न तंबूजवळ टाकू नका, कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. लहान मुलांना मध्ये झोपवा.

मोबाइल चार्ज करायला मोटरच्या पेटीतून वायर ओढायचा उद्योग करू नका. दाब इतका कमीजास्त होतो की चार्जर जातो, कधी फोनही.

शोच्या दिवशी

पहाटे तंबू दवानं चिंब असतो. तो तसाच उभा राहू द्या, गुंडाळायच्या भानगडीत पडू नका. याचसाठी दोन रात्रींचा मुक्काम सांगितला. पाचला निघा. वाटेत तर्री पोहे मिळतील, तर्री कमी घ्या.

वाहतूक पोलीस शोसाठी पार्किंग ठरवून देतात, ती वर्तमानपत्रात आदल्या दिवशी येते. जिथं सांगितलं तिथं गाडी लावा आणि चालायची तयारी ठेवा. चालकाला थांबवून ठेवण्यापेक्षा गर्दीच्या बाहेर एक ठिकाण नेमून द्या. हजारो लोक एका जागी आले की फोन लागत नाहीत, नेट तर नाहीच, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा आणि रोख पैसे खिशात ठेवा. लहान मुलांच्या खिशात नाव आणि आईबापाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला.

पाणी. ६ ऑक्टोबर २०२४ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या शोला लाखोंची गर्दी झाली, ऊन आणि उकाड्यात लोक कोसळले आणि पाच जणांचा जीव गेला. विमानांना काहीही झालं नव्हतं. नागपूरचं हिवाळी ऊन चेन्नईइतकं दमट नसतं, पण सकाळी सातपासून दुपारपर्यंत सावलीशिवाय उभं राहायचं आहे. माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएसची पुडी, टोपी. छत्री बहुतेक वेळा उघडू देत नाहीत, मागच्याला दिसत नाही म्हणून. वडीलधाऱ्यांना सोबत नेत असाल तर घडीची छोटी खुर्ची आत नेऊ देतील का, हे आधी विचारा; नसेल तर त्यांना तालीमच दाखवा, ती बऱ्या जागेवरून निवांत पाहता येते.

तान्ह्या आणि लहान मुलांच्या कानांसाठी आवाज अडवणारे मोठे हेडफोन घ्या, कापसाच्या बोळ्यानं काही होत नाही.

खाल्लेलं उष्टं, पोळीचा तुकडा, केळीची साल जमिनीवर टाकू नका. ही स्वच्छतेपुरती गोष्ट नाही. उष्ट्यावर घारी आणि कावळे जमतात, आणि खाली येणाऱ्या विमानाच्या इंजिनात घार गेली तर काय होईल ते सांगायला नको. एअरो इंडियाच्या आधी, ते जिथं भरतं त्या बंगळुरूच्या यलहंका हवाई तळाच्या आसपास मांसविक्री बंद करतात ती यासाठीच. २०२३ला दहा किलोमीटरच्या टप्प्यात होती, २०२५ला तेरा. पतंग, ड्रोन, लेझर यातलं काहीही नाही. नागपुरात संक्रांतीची पतंगबाजी डिसेंबरातच सुरू होते, म्हणून पोरांना निक्षून सांगा. आणि वायुसेनानगरच्या भिंती, फाटकं, इमारती यांचे फोटो काढू नका. कॅमेरा आभाळाकडे ठेवा.

आभाळात कुठं पाहायचं

नवखा माणूस आवाजाच्या दिशेनं पाहतो आणि तिथं काहीच नसतं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. दोन किलोमीटरवरून जाणारं विमान तासाला सहाशे किलोमीटरनं जात असेल, तर त्याचा आवाज तुमच्या कानी पडेपर्यंत ते एक किलोमीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून आवाज आला की त्याच्या पुढं पाहा, विमान ज्या दिशेला चाललंय त्या अंगाला. दोन-तीनदा जमलं की सवय होते.

सकाळचा सूर्य आग्नेयेकडे, तो पाठीशी राहील असं उभं राहा. सूर्यकिरणची नऊ हॉक विमानं लाल-पांढरी आहेत; सूर्य समोर असेल तर ती नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. हे पथक १९९६ साली उभं राहिलं, तेव्हा किरण विमानं होती, तळ कर्नाटकातलं बीदर. मध्ये काही वर्षं पथक थांबलं होतं, मग हॉकवर परत आलं. पंखाच्या टोकांत जेमतेम काही मीटर अंतर ठेवून ही माणसं उडतात. १९ फेब्रुवारी २०१९ला यलहंकाच्या सरावात दोन विमानं एकमेकांना धडकली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. त्यामुळे कोणी 'अजून जवळ यायला पाहिजे होते' म्हणालं की मला त्याच्याशी वाद घालावासा वाटतो.

सारंग पथक ध्रुव हेलिकॉप्टरचं, मोराच्या चित्राचं. ते सावकाश आणि खाली असतं, म्हणून मुलांना सगळ्यात जास्त तेच आवडतं. आकाशगंगा हे छत्रीधारी उडी मारणाऱ्यांचं पथक. त्यांचं सगळं वाऱ्यावर अवलंबून, म्हणून त्यांची उडी रद्द झाली तर नावं ठेवू नका. कार्यक्रमात नाव आहे म्हणजे पथक उडेलच असं धरून चालू नका. जानेवारी २०२५ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, त्यानंतर ध्रुवची उड्डाणं थांबवली गेली आणि सारंगला काही काळ घरी बसावं लागलं.

फोननं फोटो काढणाऱ्यांना एकच सांगणं, झूम करू नका. विमान ठिपका होतं आणि तोही धूसर. रुंद चौकट ठेवून धुराच्या रेघांचा व्हिडिओ घ्या. कॅमेरेवाल्यांनी जेट विमानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून वेगवान शटर ठेवावं. हेलिकॉप्टरला मात्र अडीचशेव्या भागाच्या आसपास, नाहीतर पाती थिजल्यासारखी दिसतात आणि हेलिकॉप्टर टांगून ठेवल्यासारखं वाटतं.

परतताना

शेवटचं विमान गेलं की सगळे एकदम उठतात. तुम्ही बसा. तासाभरानं निघालात तरी घरी त्याच वेळेला पोचता. दुसरी रात्र शेतातच काढा, आणि सकाळी ऊन चढल्यावर तंबू उलटा करून दोन तास वाळवा. ओला गुंडाळून विमानात टाकलात तर वजन वाढतं आणि घरी पोचेपर्यंत बुरशी धरते. खुंट्या मोजून घ्या. एक जरी वावरात राहिली तर ती पुढच्या वेळी बैलाच्या खुरात किंवा ट्रॅक्टरच्या टायरात सापडते. प्लास्टिकचा कचरा सोबत न्या, विहिरीकाठी ठेवून जाऊ नका.

निघताना यजमान संत्र्यांची पिशवी हातात देईल. नाही म्हणू नका, पण हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा आहे हे त्यांना कसं सांगायचं ते आधी ठरवून ठेवा. जास्तीची फळं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून पोटातल्या सामानात द्या, देठ वर करून, मध्ये वर्तमानपत्र घालून. खोक्याला सुतळी बांधू नका, चिकटपट्टी लावा.